विहिणीला हरवायचं नाही

मी गोल्फ खेळते हे ऐकलं की नाशिकची माझी बहीण अजूनही हसते. तिच्या मते तो टोपीवाल्या साहेबांचा आणि सिनेमातल्या खलनायकांचा खेळ. बँकेतून निवृत्त झाल्यावर गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा सगळ्यांनी पोहायला जा म्हणून सुचवलं. पाण्याची मला भीती. मग इकडे तमिळ मुलखात, पेरुंगुडीला, आमच्या इमारतीमागे गोल्फच्या सरावाची जाळी लावलेली जागा होती, तिथे जायला लागले आणि खेळ हाताला बसला. मी पहिल्यापासून भित्री, पण माझा फटका मात्र लांब जातो.

विहीणबाईंशी मैत्री झाली ती या खेळामुळेच. विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या, मैलापूरला राहतात. यजमान गेल्यापासून घरात त्या, त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी. त्यांचं मराठी आजीच्या पोथीतून उठून आल्यासारखं, वर तमिळचा हेल. मुलांचं लग्न झाल्यावर आम्ही दोघी अधूनमधून शहरातल्या साध्या मैदानावर खेळायचो. बहुतेक वेळा मी जिंकायचे, त्या नाक मुरडायच्या आणि मग कॉफी पाजायच्या. माझी मुलगी आम्हा दोघींच्या चेंडूंवर मार्करने इवलंसं गोपद्म काढून द्यायची. माझ्या चेंडूंवर निळं, त्यांच्या चेंडूंवर लाल. चेंडू कुणाचा ते कळायला खूण लागते, आणि तिला गोपद्मच सुचलं.

मग एका संध्याकाळी मुलगी बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली. जावईबापूंनी परदेशातलं काम तिला न विचारता स्वीकारलं होतं. भांडण झालं, आणि ‘मला कुणी विचारतच नाही तिथे मी राहू कशाला’ म्हणून ती निघून आली. जावयाचा फोन नाही, सासूचा नाही. ही दिवसभर फोन हातात धरून बसायची आणि माझं लक्ष गेलं की तो उशीखाली सरकवायची. एकदाच म्हणाली, “त्या घरून कुणी बोलावलं तर जाईन, आई. नाहीतर नाही. आणि तू बोलायचं नाहीस. भीक मागितल्यासारखं होईल.”

अशात विहीणबाईंचा फोन आला. मुलीबद्दल चकार शब्द नाही. “रविवारीं गोल्फास येतां कां? नवीन मैदान झालेंय, जंगलांत. आपण दोघीच जाऊं. घरचें बोलायचें आहे.”

घरचं म्हणजे काय, ते सांगायला ज्योतिषी नको होता. ‘तुमची मुलगी तुम्हालाच राहू द्या’ हेच त्या म्हणणार. फोनवर बरं दिसत नाही, म्हणून लांब नेऊन म्हणणार. निघताना मुलीने दारातच हात धरला. “त्या काहीही बोलल्या तरी ऐकून घे. आणि मला फोन करू नकोस. घरी येऊन सांग.”

महाबलीपुरमचा जुना रस्ता जिथे इमारती सोडतो तिथून पुढे आत वळलो, तर एकदम झाडीच अंगावर आली. मैदान कसलं, जंगलाच्या पोटात हिरवे गालिचे अंथरले होते. दोन्ही बाजूंना ताडाची, वडाची आणि नावं माहीत नसलेली झाडं, त्यांवर चढलेल्या वेली, खाली घाणेरीची झुडपं. आत पाऊलभर अंतरावर काळोख. बाहेर मात्र संगमरवरी पायऱ्या, गवती चहाच्या वासाचे ओले रुमाल आणि कमरेत वाकणारे लोक. पहिल्याच झाडाला पाटी होती, तमिळमध्ये आणि इंग्रजीत: इथे साप आहेत, चेंडू झाडीत गेल्यास आत जाऊ नका. मी ती दोन्ही भाषांत वाचली आणि दोन्ही भाषांत घाबरले.

सामान उचलायला माणूस देतो म्हणाले, तर विहीणबाई म्हणाल्या, “वेंडाम.” नको. चार चाकांची छोटी गाडी स्वतःच चालवायला घेतली. म्हणजे साक्षीदारही नको, असं माझ्या मनात आलं. मग त्यांनी पिशवीतून चेंडू काढला. चेंडू पांढराफटक होता. दुसरा काढला, तोही तसाच. लाल गोपद्म कुठेच नव्हतं. मुलीच्या हाताची खूणही त्यांनी घराबाहेर काढली होती तर.

माझ्या आईची शिकवण अशी की विहिणीच्या पुढे जाऊ नये, पंगतीतही नाही आणि बोलण्यातही नाही. चांगले दिवस होते तोवर मी ती गुंडाळून ठेवली होती. त्या दिवशी ती अक्षरन्‌अक्षर आठवली. मी ठरवलं, आज हरायचं. बाईंचा मान राहिला, मन प्रसन्न झालं, तर निदान शब्द तरी मऊ येतील. गोल्फमध्ये दर भोकाचा एक डाव, आणि आधीचा डाव जिंकणाऱ्याने पुढचा पहिला फटका मारायचा असतो. तो मान दर वेळी त्यांच्याकडेच जाईल अशी काळजी मी घेतली. सरळ जाणारे फटके तिरके मारले, हातभर अंतरावरचा चेंडू भोकाच्या कडेने घरंगळू दिला. वाईट खेळायलाही कौशल्य लागतं.

पण बाई प्रसन्न होईनात. उलट डावागणिक त्यांचा चेहरा उतरत चालला. घाम फुटलेला, ओठ घट्ट मिटलेले. गाडीत शेजारी बसून दोघी समोर बघत होतो. आता बोलतील, या वळणावर बोलतील, असं म्हणत मी जीव मुठीत धरून बसले होते. त्या म्हणायच्या, “उकाडा फार.” मी म्हणायचे, “हो ना.” झाडीत मोर ओरडला की मी दचकायचे. एकदा त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे वळल्याही, आणि म्हणाल्या, “गुडघे बरे आहेत ना?” मला वाटतं मी त्या प्रश्नाने जितकी घाबरले तितकी त्या ‘घरच्या’ बोलण्यानेही घाबरले नसते.

मग ते पाण्यापलीकडचं भोक आलं. मध्ये शेवाळलेलं तळं, पलीकडे ताटाएवढी हिरवळ, आणि तिच्या तिन्ही बाजूंना जंगल. विहीणबाईंचा चेंडू कसाबसा पाणी ओलांडून कडेला पडला. माझा फटका तिथे अलगद पोचला असता, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी काठी जराशी फिरवली आणि चेंडू मुद्दाम उजवीकडच्या झाडीत घातला. पानांत खसकन आवाज आला.

“गेला,” मी म्हणाले. “जाऊ द्या, दुसरा घेते.”

“निळें गोपद्म होतें ना त्यावर?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग शोधूं.”

गाडी तळ्याला वळसा घालून पलीकडे थांबली. मी पाटीची आठवण करून देईपर्यंत बाई उतरून चालायलाही लागल्या होत्या. विहिणीला नका जाऊ कसं म्हणायचं, या विचारात मी दोन पावलं मागे, आणि त्या झुडपं बाजूला सारत आत. आत घामट काळोख होता. कुजलेल्या पानांचा वास, कानाशी डास. “तो काय!” असं म्हणून त्या वाकल्या. चेंडू वडाच्या मुळाशी होता. निळी खूण मलाही दिसली. आणि आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ कोंडते ना, तसा.

चेंडूच्या पलीकडची पानं म्हणजे पानं नव्हतीच. जाड, तपकिरी, अंगावर साखळीसारखे ठिपके. घोणस. बाईंचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता.

डोक्यात एकच होतं, हिला काही झालं तर माझ्या पोरीला त्या घराचा उंबरा जन्मात ओलांडता येणार नाही. ‘सुनेच्या आईने जंगलात नेऊन मारलं’ म्हणतील. आणि खरंच, चेंडू इथे मी टाकला होता. मग जे ओरडले ते मलाही अनोळखी होतं.

“ए बाई, हात मागे घे! हलू नकोस, मर मेले, हात मागे घे!”

विहिणीला मी ‘मर मेले’ म्हटलं. बाई वाकलेल्या तशाच थिजल्या, हात मात्र तसूतसूने मागे आला. तो वाफ कोंडल्यासारखा आवाज चालूच होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. माझ्या पायावरून मुंग्या चढत होत्या आणि मी त्यांना चढू देत होते. शेवटी ते अंग सैल झालं आणि मुळामागे सरपटत गेलं. बाईंना पदर नव्हता, म्हणून मी त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि त्यांना ओढत बाहेर आणलं. चेंडू तिथेच राहिला.

गवतावर आल्यावर दोघी मटकन खाली बसलो. “पाम्बु,” त्या म्हणाल्या. साप. परत तेच. मग खिशात हात घालून त्यांनी काहीतरी बाहेर काढलं आणि माझ्यापुढे धरलं. चेंडू होता. त्यावर लाल गोपद्म, घामाने जरासं पुसट झालेलं.

“एवढा एकच उरलाय,” त्या म्हणाल्या. “बाकीचे हरवले. हा मी खेळत नाहीं. हरवला तर पुन्हां गोपद्म काढून कोण देणार?”

त्या पुढे बोलत राहिल्या, माझ्याकडे न बघता. “तिला पाठवा म्हणून सांगायला आलें मी. सकाळपासून तोंड उघडतें, पण धीर होत नाहीं. तुम्ही असें वेडेंवांकडें मारतां. मला वाटलें, मजशीं खेळायचेंही नाहीं तुम्हांस. तोडायला आल्यांत.”

“मी तुम्हाला जिंकवत होते.”

“कां?”

आम्ही दोघी ताकाला जाऊन भांडं लपवत होतो, आणि त्यापायी एका बाईचा जीव जाणार होता. मला रडू आलं. तेही मी दाबलं नाही.

“मग तुम्हीच तिला फोन करा,” मी म्हणाले. “मी सांगितलं तर येणार नाही. तिला तुमच्याकडून ऐकायचंय.”

“नाहीं म्हणाली तर?”

त्यांच्या चेहऱ्यावर तीच भीती होती, जी मी सकाळपासून बाळगत होते. नंबर लावताना दोनदा चुकला. शेवटी लागला आणि त्यांनी आवाज मोठा करून फोन आमच्या दोघींच्या मध्ये गवतावर ठेवला.

पहिली रिंग पुरती वाजलीही नाही.

“अम्मा?” माझी मुलगी ओरडली. “आईला काही झालं का?”

विहीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

“तुझ्या आईला कांहीं झालें नाहीं, कण्णु,” त्या म्हणाल्या, तमिळमध्ये लेकराला लाडाने म्हणतात तसं. “मला झालेंय. चेंडू संपले. घरीं ये.”

मागे झाडीत पानं वाजली, पण आम्ही दोघींनी मान वळवली नाही. फोनकडे बघत बसलो. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“लाल मार्कर देवघराच्या खणात आहे,” ती म्हणाली. “सुकला असेल. मी येताना नवीन आणते.”