नाय महाराजा

पास्कू मास्तरांनी माझा डबा खाल्ला, ती आमची पहिली ओळख. मी नववीत होतो. शाळेत नव्याने आलेले हे इतिहासाचे शिक्षक खडू न घेताच वर्गात शिरले, डोळे मिटून उभे राहिले आणि थेट देवळातल्या सुरात गाऱ्हाणं घालू लागले. आमच्याकडे गाऱ्हाण्यात गावकार देवाकडे एकेक मागणं मागतो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला ‘व्हय महाराजा’ म्हणतात. ते इतकं अंगात भिनलेलं असतं की कानांची गरज लागत नाही. ह्या पोरांका बरी बुद्धी दी रे महाराजा, मास्तर म्हणाले. व्हय महाराजा, आम्ही म्हणालो. परीक्षेत पास कर रे महाराजा. व्हय महाराजा. ह्यांचे डबे पास्कू मास्तराक मिळांदेत रे महाराजा. व्हय महाराजा.

मास्तरांनी डोळे उघडले आणि पहिल्या बाकावरचा माझा डबा उचलला. आत घावणे होते.

“तुमीच दिलास,” ते चावता चावता म्हणाले. “राजे असेच मोठे झाले. आता ‘नाय महाराजा’ म्हणणारो पयलो माणूस खंय जन्माक इलो, ता शिकया.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, रोझीबाईंनी, सगळ्या वर्गासाठी दोदोल, म्हणजे नारळ-गुळाची मऊ मिठाई, पाठवली. म्हणजे भरपाईही मिळाली. पण त्या तासापासून मला ‘व्हय’ म्हणताना उगाच अपराधी वाटतं. तसं मला बहुतेक गोष्टींत वाटतं. पाहुण्याने बांगड्याचं डोकं पानात टाकलं तरी रात्री मला बांगड्याची आठवण येते.

उदारमतवादाचा सगळा इतिहास मास्तरांनी आम्हाला असाच शिकवला. विचारवंतांची नावं ते सांगत नसत. “नावां परीक्षेक लागतत, विचार बाजारात लागतत,” म्हणत. त्यांच्या तोंडी ते सगळे नुसते ‘गोरे म्हातारे’ असत. एका गोऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं, तुझं अंग तुझं आणि अंगमेहनतीने केलेलं तेही तुझं; राजा आहे तो त्याची राखण करायला. दुसरा म्हातारा आईजवळ राहायचा आणि बाजारात हिंडायचा. त्याचा विचार मास्तर आमच्या पाववाल्यावरून समजावत. “पाववालो काय तुझ्या मायेन सकाळी घंटी वाजयता? तेका पैशे होये, तुका पाव होयो. दोघांय खूश. मधे राजाक कित्याक घेतंस?” तिसऱ्या म्हाताऱ्याचं म्हणणं, बायकांनाही मत हवं. हे मास्तरांनी घरी सांगितलं तेव्हा रोझीबाई कोलंबी सोलत म्हणाल्या होत्या, “गोऱ्यान सांगितल्यान म्हणान तुमका पटला. मी लग्नापासून सांगतंय.” हा प्रसंग मास्तर दरवर्षी वर्गात सांगत आणि दरवर्षी त्यात स्वतःच हरत.

निवृत्तीनंतर ते माझे शेजारी म्हणून जास्त कळले. सकाळी पेज पिताना ते पक्के अठराव्या शतकात असत. सरकारने रस्ता आणि पोलीस एवढंच बघावं, बाकी माणसांचं माणसं बघतील. दुपारी सरकारी दवाखान्यात रक्तदाब मोजून फुकट गोळ्या घेऊन आले की विसाव्या शतकात उतरत. “उपाशी नि आजारी माणसाक स्वातंत्र्य दिलंस तर तो ता खंय ठेयतलो?” म्हणत. मी एकदा ही विसंगती दाखवली. “विसंगती न्हय रे दिग्या, ता विकास आसा,” ते म्हणाले. “विचाराक इतकी वर्सां लागली. माका जेवणापर्यंत लागता.”

त्यांचं घर पोपटी हिरवं होतं. साधं हिरवं नाही, डोळे बारीक करावे लागतील असं. समोर माझं निवास-न्याहारी. सकाळचं ऊन त्यांच्या भिंतीवर पडलं की माझ्या पडवीत हिरवा उजेड पसरायचा आणि सोलकढी शेवाळाच्या पाण्यासारखी दिसायची. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, ही खराब झालीय का? तेव्हा मी ठरवलं. ग्रामपंचायतीच्या पर्यटन समितीचा मी सचिव. गाव सुंदर दिसावं म्हणून रस्त्यालगतची सगळी घरं पांढरी करावीत, असा ठराव मी लिहिला. मास्तरांच्या घराचं नावही घेतलं नाही. मी भित्रा आहे, पण मसुदा चांगला लिहितो.

आमचे सरपंच बाबी हेच देवळातले गावकारही. त्यामुळे ते ठरावसुद्धा गाऱ्हाण्याच्या सुरातच वाचतात आणि ग्रामसभा सवयीने ‘व्हय महाराजा’ म्हणते. गावात अशाने तीन बसथांबे मंजूर झालेत आणि एस.टी. एकच येते. माझा ठरावही तसाच सरकत होता. मीसुद्धा मोठ्याने व्हय म्हणालो. आणि मागून आवाज आला, “नाय महाराजा.”

बाबींचा सूर तुटला. गाऱ्हाण्यात ‘नाय’ नंतरची ओळच नसते. त्यांनी घाम पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला लोकांनी ऐकलं. कोणीतरी विचारलं, रंगाचे पैसे कोण देणार? ठराव तिथेच आडवा झाला.

माझ्या ठरावापायी फजिती झाल्याने चिडलेल्या बाबींनी लगेच दुसरा काढला. माझ्या छपरावर सिमेंटची सुरमई आहे, तिच्या डोळ्यांत लाल दिवे उघडझाप करतात. गुरं बुजतात, सबब ती काढावी. व्हय महाराजा, सगळे म्हणाले. तिच्यावरूनच गिऱ्हाइकं घर ओळखतात.

“नाय महाराजा,” मास्तर पुन्हा उठले. “इतको वंगाळ मासो मी जन्मात बघूक नाय. पण तो तेच्या घरार आसा.”

संध्याकाळी मी तळलेली सुरमई घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि ठराव माझाच होता हे सांगून टाकलं. त्यांना माहीत होतं. गावात एवढं शुद्ध फक्त मीच लिहितो, म्हणाले. मग भिंतीकडे बघत राहिले.

“माकाय हो रंग आवडना नाय,” ते म्हणाले. “रोझीन लावल्यान, जाण्याच्या आदल्या वर्सा. मी पांढरो म्हणा होतंय. आता ती नाय, पण तिचा मत आसा.”

मी माफी मागू लागलो तेव्हा त्यांनी मला थांबवून एवढंच सांगितलं, की माशाचे डोळे रात्री दहाला मिट, मला झोप लागत नाही. हा ठराव नव्हे, विनंती. त्या रात्रीपासून सुरमई दहाला झोपते.

मास्तर गेल्या पावसाळ्यात गेले. मडगावहून त्यांची लेक लिझा आली, सगळं करून गेली, घराची किल्ली माझ्याकडे ठेवून गेली. पुढच्या ग्रामसभेत बाबींनी शोकप्रस्ताव वाचला, नेहमीच्याच सुरात, पण डोळे खरेच ओले होते. मास्तरांच्या आत्म्याक शांती मिळांदे रे महाराजा. व्हय महाराजा. तेंचो आदर्श गावान घेवांदे रे महाराजा. व्हय महाराजा. आणि तेंच्या आठवणीसाठी गावान वर्गणी काढून तेंचा घर चांगल्या पांढऱ्या रंगान रंगवांदे रे महाराजा.

व्हय महाराजा, सगळे म्हणाले.

प्रेमाने म्हणाले, हीच अडचण होती. माझी सोलकढी गुलाबी होणार होती, फुकट, आणि कोणी मला दोष देणार नव्हतं. मी उभा राहिलो. आवाज आला तो बांग शिकणाऱ्या कोंबड्याचा.

“नाय महाराजा.”

सगळ्या माना वळल्या. बाबींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

“म्हणजे आता परत पयल्यापासून म्हणूचा लागतला,” ते म्हणाले.

आणि त्यांनी खरोखरच पहिल्यापासून म्हटलं. ह्या खेपेला लोक प्रत्येक ओळीनंतर जरा थांबून, विचार करून, मगच बोलत होते.