नव्व्याण्णव टक्के रीडिंग आणि मुन्नाशेठ

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात माणसं तीनच. कोड लिहिणारा इरफान, फोन घेणारा मी आणि मालक जोशी सर, जे आधी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. डोकं दुखलं की एक किस्सा तयार होतो, आणि आमचं डोकं रोज दुखतं!

अकोल्याच्या मुन्नाशेठनं कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशिनींवर आमचे सेन्सर लावले. बेअरिंग तापलं की सायरन वाजला पाहिजे. कापसाचं काम, एक ठिणगी बस आहे!

पहिल्याच मीटिंगला सर फळ्याजवळ गेले. "नव्व्याण्णवावा पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली नव्व्याण्णव रीडिंग याच्या खाली. रीडिंग याच्या फार वर गेलं की सायरन."

शेठ म्हणाले, "मंग त्या उरलेल्या एकाले काढून टाका ना! खतम!"

*

सरांचा हट्ट: सगळी रीडिंग साठवा, क्रमानं लावा. जिनिंगमधला तो इवलासा कॉम्प्युटर दुपारपर्यंत गारद. शेठचा फोन, "हा डब्बा मोजून राह्यला का झोपून राह्यला?"

मग इरफाननं नुसता गोषवारा ठेवणारा अल्गोरिदम लिहिला. रीडिंग आलं, हिशेबात धरलं, सोडून दिलं. सर खवळले, "सोडून दिलं? डेटा काय तुझा आहे?"

*

जागा वाचवायला सरांनी प्रत्येक आकडा सोळा बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशाच्या छोट्या खोक्यात, कोंबायला लावला. तेवढ्यात दोन हजार अठ्ठेचाळीसच्या वरचे विषम आकडे मावतच नाहीत. सेन्सर मोटरचे मिनिटाचे फेरेही मोजायचे: अठ्ठावीसशे ऐंशी, अठ्ठावीसशे ब्याऐंशी... सगळे सम!

सर खूश. "बघा, मोटर किती शिस्तीची!"

*

मग बत्तीस बिटांचा फ्लोट आला. काही आठवड्यांनी रीडिंगची मोजणी एक कोटी सदुसष्ट लाखांवर अडकली. सर सेन्सर बदलायला बसनं अकोल्याला गेले. नवा लावला, तरी तेच!

इरफान कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, बत्तीस बिटांत त्याच्यापुढं एक मिळवला तर आकडा हलतच नाही."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी बसमध्ये होते. फोन उचलत नव्हते."

*

सरांची शेवटची सुधारणा: जुनी रीडिंग विसरत जायची, ताज्यांना वजन द्यायचं. तापमान ताज्या पर्सेंटाइलच्या दहा डिग्री वर गेलं, तरच सायरन.

एका सकाळी बेअरिंग हळूहळू तापत गेलं. त्याच्यासोबत पर्सेंटाइलही चढला. स्क्रीन हिरवी, सायरन गप्प. शेठना जळका वास आला, तसे ते धावले आणि स्वतः मेन स्विच पाडला. कापूस वाचला.

शेठनं तिथूनच आम्हाला फोन लावला, तो स्पीकरवर होता. इरफान पांढराफटक.

सरांनी आलेख नीट पाहिला. "पण शेठ, मर्यादा रीडिंगच्या मागोमाग बरोबर चढली आहे. अल्गोरिदम अगदी अचूक चालला!"

"हो ना साहेब," शेठ म्हणाले, "अचूकच चालला. आता असं करा, तुमी अकोल्याले या, अन् त्या बेअरिंगवर बसा. तुमी बोंबलले का मी मशीन बंद करतो!"