डांबरानं भागेना तेव्हा

आमच्या बेटावरच्या विंडवर्ड गावात बोटी बांधणारी माणसं पुष्कळ, पण हॉलिस बेथेलच्या हातची बोट घ्यायला शेजारच्या बेटांवरून लोक यायचे. त्याची बायको आयान्थी शिवणकाम करायची. सगळं गाव तिला टँटी म्हणतं, म्हणजे मावशी. मी तिच्या शेजारीच वाढले.

त्यांचं घर लाकडी, वर पत्रा. तो हॉलिसनं लग्नाआधी स्वतः ठोकलेला, त्यामुळे त्याबद्दल कुणी वावगा शब्द काढलेला त्याला खपायचा नाही. कुठं गळलं की तो शिडी लावायचा, डांबर थापायचा आणि हात पुसत खाली यायचा.

"झालं. आता आपण मरेपर्यंत बघायला नको."

"तू कधी मरणार ते सांग, म्हणजे बादल्या किती लागतील ते मला कळेल," टँटी म्हणायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात पोर्सिया नावाच्या मुलीचा लग्नाचा झगा टँटीकडं शिवायला आला. शिवून झाला, इस्त्री करून तिनं तो भिंतीला टांगला. सकाळी बघते तर खांद्यापासून घेरापर्यंत गंजाचा तांबडा ओघळ. तिनं लिंबू लावलं, मीठ चोळलं, उन्हात टाकला. डाग काही जाईना. शेवटी तेवढा पट्टा कापून तिनं तिथं लेस बसवली आणि पोर्सियाला घरी बोलावून खरं काय ते सांगितलं. पोर्सिया आधी रडली, मग आरशात बघून म्हणाली, "आधीपेक्षा बराच दिसतोय."

टँटीच्या डोक्यातून मात्र ते जाईना. त्या भिंतीवर आजवर कधी गळलं नव्हतं. तिच्या वरच्या पत्र्यावर डांबराचा एक ठिपका नव्हता. मग पाणी आलं कुठून?

पाऊस उघडल्यावर ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि तिनं स्वतःचं घर परक्यासारखं बघितलं. आढं मधोमध खाली बसलं होतं. भर दुपारी तिनं झगा टांगला होता त्या मागच्या खोलीची दारं-खिडक्या बंद केल्या आणि वर पाहिलं. खिळ्यांच्या भोवती उजेड दिसला असता तर तिला नवल वाटलं नसतं. पण पत्र्यांच्या मधल्या भागातही चाळणीसारखी भोकं चमकत होती. मग तिनं शिडी लावली आणि कात्रीचं टोक वाशात खुपसलं. टोक केकमध्ये जावं तसं आत गेलं.

"हॉलिस! इकडं ये."

"जेवतोय मी!"

"ताट घेऊन ये."

तो आला, खालूनच म्हणाला, "थोडं डांबर लावू."

"तू वर चढ आणि इथं अंगठा दाब. बोटीच्या फळीला दाबतोस तसा."

तो चढला. अंगठा दाबला, जरा बाजूला सरकून पुन्हा दाबला.

"ही बोट असती तर माणसं बसवली असतीस हिच्यात?" टँटीनं विचारलं.

"नाही," हॉलिस म्हणाला.

कोरडा हंगाम लागल्यावर छप्पर बदलायला सगळं गाव सावडीला आलं, मजुरी न घेता. बायांनी अंगणात चुली मांडल्या; मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं कू-कू, तुरीच्या दाण्यांचं कालवण, तळलेले मासे. पुरुष पत्रे उतरवत होते. खिळे उपटावे लागतच नव्हते, पत्रा उचलला की सोबत निघून यायचे. समुद्राकडच्या भिंतीवरची, वासे टेकतात ती तुळई तर वाळवीनं आतून पोकळ केलेली. हॉलिसनं हात घातला तर मूठभर भुसा बाहेर आला. छप्पर नुसतं स्वतःच्या वजनानं बसून होतं. एखाद्या जोरदार वाऱ्यानं ते अख्खं उचललं असतं.

हॉलिस पायरीवर जाऊन बसला. टँटी त्याच्याजवळ गेली.

"याच्याखाली तू झोपत होतीस," तो म्हणाला.

"तूही झोपत होतास की."

"मी घोरत होतो. जागी तू असायचीस." हाताचा भुसा झटकत तो म्हणाला, "मला दिसत होतं गं. मागच्याच वर्षी आढं वाकलेलं दिसलं होतं. पण ते उतरवायचं म्हणजे... माझ्या हातचं होतं ना."

"मग नवंही तुझ्याच हातचं कर. ऊठ, लोक खोळंबलेत."

तो उठला. नवे वासे त्यानं बोटीच्या फासळ्यांसारखे घट्ट सांधले, प्रत्येकाला लोखंडी पट्टी मारून भिंतीशी जखडलं. काम चालू होतं तोवर घरावर जुनं शीड ताणलेलं होतं, आणि त्याखाली टँटीचं मशीन चालूच होतं. पुढच्या सप्टेंबरच्या वादळात त्यांच्या स्वयंपाकघराची पडवी उडून बोरांटीत जाऊन पडली. छप्पर जागच्या जागी राहिलं.

हॉलिस आता थकलाय, शिडी चढत नाही. टँटी चढते. दर मे महिन्यात ती आमच्याकडंही येते, कात्री घेऊन. यंदा माझ्या छपराला गळती लागली, तेव्हा मी घाबरून सगळंच बदलायला निघाले होते. तिनं वासे टोचून बघितले, आढं न्याहाळलं, खोली अंधारी करून वर बघितलं.

"लाकूड टणक आहे, पत्राही चांगला आहे," ती उतरत म्हणाली. "खिळे सैल झालेत तेवढे बदल. उगाच चांगलं छप्पर उतरवू नकोस. आणि कोको ठेव जरा, घसा सुकलाय माझा."