राणीपाखरू

दुपारचं जेवण आटोपून मी फरशीवर चटई टाकून पडते. कूलर सुरू आहे. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरलाय आणि आत कुठेतरी पाणी ठिबकतंय. डोळे धड मिटलेले नाहीत, धड उघडेही नाहीत. पंखा दिसतो, मग दिसेनासा होतो. पाणी ठिबकतच राहतं, वाढत जातं, आणि मला कळतं की हे तळ्याचं पाणी आहे. मी कोहमाळच्या अभयारण्याच्या फाटकापाशी उभी आहे.

बाबा आधीच आलेत. पांढरा हाफ शर्ट, गळ्यात दुर्बीण. ते गेल्याचं मला ठाऊक आहे. गेल्याच आठवड्यात शोभनाचा फोन आला होता. शोभना म्हणजे बाबांची दुसऱ्या घरची मुलगी. सगळं आटोपल्यावर तिने कळवलं. मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. तरीही आत्ता मला नवल वाटतं ते एवढ्याचंच, की बाबा चाळिशीचे आहेत आणि माझे केस पांढरे झालेत.

“चाल,” ते म्हणतात. “सोपी वाट आहे. दम नाही लागत.”

हेच म्हणायचे. मी दुसरीत असताना ते आम्हाला सोडून गेले. त्यानंतर दर हिवाळ्यात एका रविवारी यायचे, दारातूनच हाक मारायचे आणि मला इथे घेऊन यायचे. आधी सागाचं रान, मग तळ्याची पाळ, पाळीवरून चालत पार पलीकडे, आणि परत. बाप म्हणून माझ्या वाट्याला एवढाच आला.

आम्ही चालू लागतो. वाळलेली पानं पायाखाली मोडतात. उन्हाचे तुकडे पडलेत. वळणावर एका ऐनाच्या झाडाखाली आमचं स्वयंपाकघर आहे. आई स्टोव्हला पंप मारतेय. तिची पाठ आमच्याकडे आहे. स्टोव्ह पेटत नाही. ती पुन्हा पंप मारते.

“आई,” मी म्हणते.

“श्श,” बाबा तोंडावर बोट ठेवतात. “पाखरं उडतील.”

आणि मी गप्प बसते. तेव्हाही बसायची. आम्ही तिच्या मागून, पाय न वाजवता, पुढे निघून जातो.

रान संपतं. शाळेचा व्हरांडा लागतो. तो ओलांडला की पाळ. दोन्हीकडे पाणी, पाण्यावर कमळाची पानं, मधूनच लव्हाळ्याची बेटं. अडई बदकांचा थवा शीळ घालत वरून जातो. बाबा थांबतात आणि दुर्बीण माझ्या हातात देतात.

“तिकडं पाहा. पानावर. लांब शेपटीचा.”

मला दिसतो. पानावरून पानावर अलगद चालणारा, काळी वळणदार शेपूट, मानेवर सोनेरी डाग.

“राणीपाखरू,” मी म्हणते.

बाबा हसतात. “कमळपक्षी तो. नर आहे. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी उबवायची याने, पिल्लं हिंडवायची याने.”

मी दुर्बीण खाली घेते. “तुम्हीच राणीपाखरू सांगितलं होतं.”

“असंन.”

“इथंच. याच पाळीवर. मी माझ्या मुलाला तेच शिकवलं. त्याने शाळेत सांगितलं आणि वर्ग हसला.”

“मले तेव्हा काय येत होतं?” बाबा सहज म्हणतात. “लेकरू विचारते, तर काहीतरी सांगा लागते ना. मग पुढं तुले आणायला लागलो तेव्हा पुस्तक घेतलं. रात्र रात्र बसून पाठ केलं. तू चुका काढायची माह्या.”

“मी?”

“अवं शोभना, इसरली का? इथंच तर घसरली होतीस तू. गुडघा फुटला होता. खांद्यावर बसवून नेलं तुले फाटकापर्यंत.”

मी इथे कधीच घसरले नाही. मला कुणी खांद्यावर बसवलं नाही. तळं आता अगदी स्तब्ध आहे. म्हणजे तिलाही ते इथेच आणत होते. याच वाटेने, याच पाळीवरून. आणि तिला खरी नावं मिळाली.

“मी शोभना नाही,” मी म्हणते. “मी कुंदा आहे.”

ते माझ्याकडे बघतात. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं, सभ्यपणे.

“कुंदा लहान आहे,” ते म्हणतात. “घरी आहे, तिच्या मायपाशी.”

“तिला कसं ठेवलंय तुम्ही?”

“चांगली आहे ना. गुणी पोर आहे. काही मागत नाही.”

“मागितलं असतं तर?”

ते दुर्बीण परत घेतात, डोळ्यांना लावतात. पाळ पुढे निमुळती होत गेली आहे आणि मधेच खचली आहे. खाली चिखल. बाबा पलीकडे जाण्यासाठी पाऊल टाकतात, अडखळतात आणि न बघताच मागे हात करतात. मी धरावा म्हणून.

तो हात मी ओळखते. नखं बारीक कापलेली, अंगठ्यावर शाईचा डाग. वर्षभर मी या हाताची वाट बघायची.

मी तो धरत नाही. मी वळते.

“शोभना!” ते हाक मारतात.

मी पाळ सोडून सरळ गवतात उतरते. कमरेएवढं वाळलेलं गवत आहे, वाट नाही. मागून हाक येत राहते, तिचंच नाव घेत. एकदा जरी माझं नाव आलं असतं तर मी थांबले असते, हे मला चालताना कळतं, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. मी पाय ओढत चालते. पातळ अडकतं, मी ते हिसडते.

जाग येते तेव्हा वीज गेलेली आहे. खोली तापलीय. पाठीखालची चटई घामाने ओली झालीय. खाली रस्त्यावर कुणीतरी आंबे विकतंय.

उठून बसते तर पोटरीला टोचतं. पातळाचा काठ उलटून बघते. काठभर कुसळं रुतलेली आहेत. गवताची, हिवाळ्यातली, वाळून सोनेरी झालेली. मी सकाळपासून घराबाहेर पडलेली नाही. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे.

मी खिडकीपाशी बसून ती एकेक उपटून काढते. एक नखाखाली मोडतं. सुईने कोरून बघते, निघत नाही. संध्याकाळी कणीक मळते तेव्हा ते तिथेच असतं.