पाच वाजता सुटण्याचा हट्ट

लिफ्टदुरुस्तीच्या त्या कंपनीत नोंदताईंना त्यांच्या खऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. एकवीस वर्षं बाई नोंदी करतायत, म्हणून नोंदताई. आधी जाडजूड वह्यांत, नंतर कॉम्प्युटरवर. अलीकडे कारागीर सगळं मोबाइलवरच कळवत. प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि काम संपलं की कार्ड बोटानं सरकवून ‘झालं’च्या रकान्यात टाकायचं. पण कुठल्या इमारतीच्या लिफ्टचा कुठला भाग कधी बदलला, ही सगळी कुंडली मात्र दुसरीकडे, डेटाबेसमध्ये. या दोघांची आपसात बोलचालच नाही! एखाद्या घरात दोन जावा अबोला धरून बसाव्यात तसं. मधला निरोप्या म्हणजे नोंदताई. इकडचं कार्ड वाचायचं, तिकडे टाइप करायचं, मग इमारतीला ‘तुमची लिफ्ट सुरू झाली’ असा निरोप धाडायचा. शेवटचं कार्ड हातावेगळं होईपर्यंत साडेसात वाजत.

एरवी त्यांनी हूं की चूं केलं नसतं. पण घरी सासूबाई होत्या. दिवस मावळू लागला की सासूबाईंना दिसेनासं व्हायचं, आणि घराच्या सगळ्या खिडक्या शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून, त्यामुळे घरात दिवसाही अंधारच. म्हातारीचं मागणं एवढंसंच होतं, उजेड असताना तळ्यापर्यंत जाऊन यावं. रविवार धुण्यात आणि आवराआवरीत संपायचा. “उद्या नेते हं, आई,” असं नोंदताई चार वर्षं सांगत होत्या, आणि आता ते सांगताना त्यांची त्यांनाच लाज वाटायला लागली होती.

मग पन्नाशी उलटलेल्या या बाईनं मनावर घेतलं. अमुक घडलं की तमुक आपोआप कर, अशा पायऱ्या एकामागून एक लावल्या तर कार्डं आणि डेटाबेस जोडता येतात, हे त्यांना कुठूनसं कळलं. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं आणि माउस दुसऱ्या हातानं, असं महिनाभर चाललं. पहिल्याच प्रयत्नात एका कार्डाच्या चारशे नोंदी झाल्या. नोंद झाली की कार्डावर शिक्का पडे, शिक्का पडला की कार्ड बदललं असं यंत्राला वाटे, की पुन्हा नोंद! नोंदताईंनी कपाळाला हात लावला आणि मग एकट्याच पोट धरून हसल्या. चारशे नोंदी हातानं करायला त्यांना दोन आठवडे लागले असते.

साहेब वयानं लहान, पण हिशेबी माणूस. ते म्हणाले, “ताई, एक आठवडा एकही चूक न होता चालू दे. मग रोज पाचला खुशाल सुटा. चुकलं, तर आपलं हातानंच बरं.”

पाच दिवस सगळं कसं लोण्यासारखं चाललं. सहाव्या दिवशी दुपारी फोन खणखणला. आठ मजली इमारतीच्या चेअरमनबाई कडाडत होत्या, “लिफ्ट सुरू झाल्याचा निरोप पाठवता, आणि मी चार पिशव्या घेऊन खाली उभी! लिफ्ट ढिम्म हलत नाहीये!”

नोंदताईंनी लगेच ते कार्ड उघडून बघितलं. तिथं कामाला गेलेला कारागीर होता लंबू. तो अर्ध्या तासानं फोनवर सापडला.

“लंबू, अरे काम चालू होतं, मग कार्ड ‘झालं’मध्ये कसं?”

“लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं की रेंज जाते ना, ताई. म्हणून उतरायच्या आधीच आम्ही सगळे कार्ड सरकवून देतो. नंतर तुम्ही फोन करून विचारताच की!”

खरंच, नोंदताई विचारत होत्या. एकवीस वर्षं, प्रत्येक नोंदीआधी, प्रत्येकाला. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की ते काम आहे हेच त्यांना कधी वाटलं नाही, आणि पायऱ्या लावताना नेमकी तीच पायरी राहून गेली. पाच दिवस निभावले ते केवळ कामं किरकोळ होती, निरोप पोचेपर्यंत उरकत होती म्हणून.

त्या सरळ साहेबांकडे गेल्या. “यंत्र चुकलं नाही, मी चुकले. मी दिवसभर काय करते, तेच मी त्याला सांगितलं नाही.”

साहेब हसले. “मग आता सांगा. आठवडा पुन्हा पहिल्यापासून.”

नोंदताईंनी मध्ये एक पायरी घातली. कार्ड सरकलं की कारागिराला प्रश्न जायचा, अगदी त्यांच्याच शब्दांत: ‘स्वतः वरपर्यंत जाऊन आलास ना? दार नीट लागतंय ना?’ तो रेंजमध्ये येऊन ‘हो’ म्हणेपर्यंत ना नोंद, ना निरोप. पहिलं उत्तर लंबूचंच आलं: ‘हो ताई, लागतंय. जेवलात का?’ यंत्राला नुसता ‘हो’ हवा होता, ते अडून बसलं. त्यांनी त्याला समजावलं की सुरुवातीला ‘हो’ असलं की पुरे, पुढचंही राहू दे. तेव्हापासून त्या डेटाबेसमध्ये लिफ्टच्या तारा आणि चाकांच्या जोडीनं ‘जेवलात का’ सुद्धा जपून ठेवलेलं आहे.

आठवडा बिनचूक गेला. पुढच्या सोमवारी पाचच्या ठोक्याला नोंदताईंनी कॉम्प्युटर बंद केला, तेव्हा त्यांना शाळा लवकर सुटल्यासारखं वाटलं.

सासूबाई चपला घालून तयारच होत्या. सुनेचा दंड धरून, वाटेत तीनदा थांबून, त्या तळ्याकाठच्या बाकावर टेकल्या. ऊन तिरपं झालं होतं, पण भरपूर होतं. त्यांनी पाण्याकडे बघितलं, बदकांकडे बघितलं, आणि मग सुनेकडे वळून तिच्या तोंडाकडे निरखून बघतच राहिल्या.

“अगं!” त्या म्हणाल्या. “म्हातारी झालीस की तू!”

“झाले की, आई. कधीचीच.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही!” त्यांनी सुनेच्या कानाजवळचे पांढरे केस बोटांनी मागे सारले, आणि दोघींना असं हसू फुटलं की काठावरची बदकं पाण्यात उतरली.