माथ्यावरचं गवत

मी चौथी शिकलेली. जळगावात मुलींच्या शाळेत शिपाई होते. सगळ्या मला अक्का म्हणायच्या. ही गोष्ट अठ्ठ्याऐंशीच्या आसपासची.

नववीला मराठी शिकवणाऱ्या बाईंनी मुलींचे गट पाडले. प्रत्येक गटाने आपल्या भागात घडून गेलेली एक घटना वर्गापुढे मांडायची, आणि गटातल्या प्रत्येकीने तोंड उघडायचं. एका गटाच्या वाट्याला बहात्तरचा दुष्काळ आला. चौघी शहरातल्या. पाचवी एरंडोलकडची, मामाकडे राहून शिकणारी. ती बोलायला लागली की खानदेशी निघायचं आणि वर्ग हसायचा. म्हणून गटाच्या पुढारणीने, ती एका वकिलांची मुलगी, तिला शेवटचं वाक्य दिलं: ‘आमचे दोन शब्द संपले.’ बाकी तिने मातीचा देखावा करायचा.

पाण्याच्या टाकीपाशी ती मला म्हणाली, “अक्का, मन्ही माय तलावना कामवर व्हती. माले सांगनं शे. पन त्या हसतीन.”

“हसू दे,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

प्लायवूडवर तिने तलावाचं खोदकाम केलं होतं. मधोमध बोटभर उंच मातीचा ठोकळा, त्याच्या माथ्यावर चिमूटभर गवत. दुष्काळी कामावर असा एक ठोकळा न खणता सोडायचे. किती खोल खणलं ते मुकादम त्यावरून मोजायचा आणि तेवढीच मजुरी लावायचा. माथ्यावर गवत असलं म्हणजे ठोकळ्याला कुणी हात लावलेला नाही.

तास सुरू व्हायच्या आधी वकिलांच्या मुलीने तो ठोकळा अंगठ्याने दाबून सपाट केला. “हे ढेकूळ काढायचं राहूनच गेलं.” मी तिथेच टेबल लावत होते. मला कळत होतं, तरी गप्प बसले. शिपायाने वर्गात बोलायचं नसतं.

चौघी पाठ केलेलं छान बोलल्या. बाईंनी विचारलं, “एवढी माणसं खणायची, तर कुणी किती खणलं हे कसं कळायचं?”

“वहीत लिहायचे, बाई.”

“लिहायचे, पण मोजायचे कशावरून?”

पाचवी पुढे झाली. कडेची माती घेऊन तिने ठोकळा पुन्हा उभा केला, वर गवत खोचलं. “हाई माप शे.” मागे कुणीतरी खिदळलं. ती थांबली नाही. तिची आई म्हणे ठोकळ्यावर ओली माती थापायची आणि वर बांधावरचं गवत लावायची. खड्डा वीतभर जास्त खोल दिसायचा.

“बाई, ही काहीही सांगते!” वकिलांची मुलगी म्हणाली. “स्वतःच्या आईला कुणी चोर म्हणतं का?”

पोरीचा चेहरा उतरला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नोटिशीची वही घेऊन मी दारात उभी होते. “खरं शे,” मी म्हटलं. “धरणगावकडच्या कामावर मीही लावलंय गवत. चोर म्हणायचं तर मलाही म्हणा.”

“अक्का, तुम्ही पण?” बाईंनी विचारलं.

“मी पण. पोटात नुसती सरकारी सुकडी असायची.”

बाई पोरीला म्हणाल्या, “सांग पुढे.”

तिने घंटा होईपर्यंत सांगितलं, निम्मं खानदेशीत. ते शेवटचं वाक्य म्हणायचं राहूनच गेलं.