लुइझियानाचे गव्हर्नर आणि माझा मेव्हणा

सौदीतल्या जुबैलमध्ये बसून अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा कारभार बघणारा माणूस सगळ्या जगात एकच आहे, आणि तो माझा मेव्हणा आहे. सख्खा नव्हे, माझ्या बायकोच्या मावशीचा मुलगा. कंपनीची बस चालवतो. पहाटे कॅम्पवर माणसं भरायची, प्लांटच्या गेटवर ओतायची आणि संध्याकाळी तीच माणसं थोडी अजून काळी झालेली परत आणायची, हे त्याचं काम. पण विचारलंत तर सांगेल की बस हा जोडधंदा, खरं लक्ष तिकडे. आमच्या कंपनीचं मूळ ऑफिस लुइझियानात आहे. तिथला एकही माणूस आमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही. पण ज्या गावाचं नाव आपल्या हेल्मेटवर छापलेलं आहे, तिथं गादीवर कोण बसलाय हे आपल्याला ठाऊक नको का, असं त्याचं म्हणणं. माझं म्हणणं होतं की हेल्मेटच्या आत काही असेल तर माणूस असले प्रश्न विचारणार नाही. हे मी त्याला तोंडावर सांगायचो. त्याला काही वाटायचं नाही. मेव्हण्याला भावोजीचं बोलणं लागत नाही, हा एक फायदा आहे.

मी सातवीपर्यंत शिकलेला पाईपफिटर. मला वाटायचं, गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल. फीत कापायची, शपथ द्यायची आणि बंगल्यात मोर पाळायचे. मेव्हण्याने बस बाजूला घेऊन मला समजावलं, "भावोजी, त्यांच्याकडचा गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री. लोक निवडून देतात. चार वर्षं बसायचं, आवडला तर अजून चार. लागोपाठ दोनदाच. मग उठायचं." मागे चाळीस माणसं ताटकळली होती. एक पठाण ओरडत होता, "यल्ला भाई, ड्यूटी है." मेव्हणा म्हणाला, "रुको, मेरे जिजाजी को समझ रहा है." चाळीस माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला काहीच समजलेलं नव्हतं, तरी मी मान हलवली.

आता हा सगळा नाद सुरू कसा झाला ते सांगतो. आम्ही आलो तेव्हा तिथं एक बाई गव्हर्नर होती, आणि इथं मेसमध्ये दर शुक्रवारी मासे असत. बाईची टर्म संपली त्याच महिन्यात मेसचा ठेकेदार बदलला आणि मासे बंद. झालं. मेव्हण्याने दोन आणि दोन जोडले आणि त्याचं उत्तर बावीस आलं. बाई होती म्हणून पोटाची काळजी होती, असं त्याने जाहीर केलं. गव्हर्नरांची नावं आम्हाला उच्चारता येत नाहीत, म्हणून त्याने प्रत्येकाला नाव ठेवलं. पहिली 'बाई'. तिच्यानंतर आला त्याचे आईबाप हिंदुस्थानातून गेलेले, म्हणून तो 'आपला'. मग 'मिलिटरीवाला', कारण तो पूर्वी सैन्यात होता. आणि आता 'पोलीसवाला'.

'आपला' निवडून आला तेव्हा मी काय केलं ते लपवून ठेवायला हवं, पण आता कोणाची भीती नाही. मेव्हण्याला वेड्यात काढणारा हा शहाणा स्वतः बाजारात गेला, खजुराचे खोके आणले आणि आख्ख्या बराकीत वाटले. आमचा फिलिपिनो फोरमन म्हणाला, "तुझा नातेवाईक आहे का?" मी म्हटलं, "लांबचा." त्याने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. पुढे 'आपला' दोन्ही टर्म पुऱ्या करून गेला आणि त्या सगळ्या काळात मेसची डाळ इतकी पातळ होती की ताटाच्या तळाचं कंपनीचं नाव वाचता यायचं. रोज जेवताना फोरमन मला विचारायचा, "आज नातेवाईक काय म्हणतो?"

बायकोला मी हे फोनवर सांगायचो. ती हसून बेजार व्हायची. माझ्या तब्येतीची चौकशी नंतर, आधी "कोण बसलाय आता?" मी वैतागून म्हणायचो, "तुझ्या भावाला विचार, मी काय त्याचा चपराशी आहे?" मग ती म्हणायची, "तुम्ही सांगता तसं त्याला सांगता येत नाही." मला त्यातून कौतुक ऐकू यायचं. असा मी मूर्ख.

मेव्हण्याने आमच्या खोलीतही लुइझियाना आणलं. सहा पलंगांत एसीचा रिमोट एकच. त्यावरून मारामारी व्हायची. त्याने ठरवलं, रिमोट ज्याच्याकडे तो खोलीचा गव्हर्नर, चार महिन्यांची टर्म, निवडणूक हात वर करून. पहिला गव्हर्नर मला केलं, माझ्या वयाकडे बघून. शपथही दिली, उजवा हात गॅसच्या सिलिंडरवर ठेवून. मला थंडी सोसत नाही. मी एसी असा ठेवला की खालच्या पलंगावरचा चिपळूणचा वेल्डर म्हणाला, "काका, वेल्डिंग करताना बरं वाटतं यापेक्षा." दुसऱ्या निवडणुकीला माझ्या बाजूने एकच हात वर झाला, तोही माझाच. मेव्हण्यानेसुद्धा पाडलं. म्हणाला, "नातं वेगळं, राज्य वेगळं."

तीन वर्षांपूर्वी माझी बायको गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेरावं करून मी परत आलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला पैशाची हाव. हाव कसली. गुहागरला घर आहे, दोन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. पण त्या घरात मी तिच्याशिवाय एक दिवस राहिलेलो नाही. ती माझ्याशिवाय राहिली, सगळा जन्म राहिली. मला ते जमणार नाही, हे मला ठाऊक होतं. इथं निदान ती गावी आहे असं समजून दिवस जातो. तेव्हा मला एकच हवं होतं, कंपनीने मला घरी पाठवू नये. साठी उलटून गेलेली. पाईपचं काम सुटलं, मी स्टोअरला बसलो होतो. इकाम्याची, म्हणजे इथं राहायच्या परवान्याची, मुदत दर वर्षी वाढत होती, पण कधी थांबेल सांगता येत नव्हतं.

अशात तिकडे निवडणूक लागली. आणि मी, जो त्याला मूर्ख म्हणत आलो, तो रोज बसमध्ये पुढच्या सीटवर बसून विचारू लागलो, "काय रे, कोणाचा जोर आहे?" त्यांचं मतदान संपतं तेव्हा आपल्याकडे पहाट होते. निकाल बसमध्येच लागला. पोलीसवाला पहिल्याच फेरीत आला. मेव्हणा स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला, "भावोजी, काम झालं. पोलीस माणूस जुन्या राखणदाराला कधी काढत नाही." मी म्हटलं, "काहीतरी बरळू नको." पण त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो.

यंदा ऑफिसातल्या मल्याळी बाबूने मला बोलावलं, चहा दिला. चहा दिला तेव्हाच मी समजलो. खुरूज, म्हणजे कायमचं घरी. "पुढच्या महिन्यात, चाचा. बहुत काम किया, अब आराम करो," म्हणाला. चांगला माणूस आहे, त्याला बोलून उपयोग नव्हता.

मेव्हण्याला सांगितलं. मग बसमध्ये लुइझियानाच्या बातम्या बंद झाल्या. लोक विचारायला लागले, "उस्ताद, गव्हर्नर मर गया क्या?" हा नुसता समोरचा रस्ता बघत गाडी हाकायचा. एका सकाळी गेटवर सगळे उतरले, मी उतरत होतो, तेव्हा म्हणाला, "भावोजी, पोलीसवाल्याची काही चूक नाही हो. त्याला आपण माहीतच नाही."

हेच मी त्याला इतकी वर्षं घसा फोडून सांगत होतो. तेच शेवटी त्याच्या तोंडून ऐकलं, आणि मला अजिबात आवडलं नाही.

"गप रे मेल्या," मी म्हटलं. "एवढं मोठं राज्य. पूर येतात, वादळं येतात. म्हाताऱ्यांच्या फायलीपर्यंत यायला वेळ लागणारच त्याला."

"तोवर तुम्ही जाल."

"मी जाईन. बाकीचे आहेत ना इथे? टर्म केवढी असते?"

"चार वर्षं." मग म्हणाला, "परत निवडून आला तर आठ."

"तेच तर सांगतोय तुला."

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सुरुवात केली. पुढच्या खेपेला कोण उभं राहील, कोण पडेल, बायांची मतं कुठे जातील. गेट आलं, माणसं उतरली, तरी याचं चालूच. मग मला बघून म्हणाला, "उतरा भावोजी, हजेरीला उशीर होईल." गावी मला काका म्हणणारे आहेत, आजोबा म्हणणारे आहेत. तिच्या माहेरचं, मला भावोजी म्हणणारं, आता हे एवढंच माणूस उरलं आहे. मी सीटवर नीट टेकून बसलो आणि म्हटलं, "तू तुझं पुरं कर. मला घाई नाही."